सिल्लीतला खळगा

न्हाणीच्या कोपऱ्यात, साबणाच्या वडीशेजारी, फरशीवर पाण्याचा एक थेंब थांबला होता. थेंब म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा, गोल, शांत. सगळीकडचं पाणी उतारानं मोरीकडे निघून गेलं होतं आणि एवढं एकच मागे राहिलं होतं. रंभाबाईनं आधी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की ते पाणी फरशीवर नाही, एका काळपट हिरव्या दगडावर आहे. वीतभर लांब, तीन बोटं रुंद दगड. तिचा हात पुढे झाला आणि मधेच थबकला. वस्तऱ्याला अगदी शेवटची, केसाहून बारीक धार देणारी ती सिल्ली होती. तिच्या कडेला साबणाचा पांढरा थर धरला होता आणि त्या थरात रिताच्या टाचेचं मळकट कातडं चिकटलं होतं.

"रिता," तिनं हाक मारली. आवाज आपला नाही असं तिला वाटलं. सून ओल्या हातांनी दारात आली. "हे इथं कसं आलं?"

"कोणतं? ते होय! टाच घासाले घेतलं मी, आई. पलंगाखाली पडून होतं फडक्यात. फेकूनच देणार होती, मंग म्हटलं गुळगुळीत आहे, राहू द्या." रितानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काहून? कामाचं होतं का?"

'होतं' म्हणावं की 'आहे' हे रंभाबाईला ठरवता येईना. ती दगड पदरात घेऊन बाहेर आली आणि मागच्या अंगणात, धुणं वाळत घालायच्या तारेखाली बसली. दगड तिरपा करताच पाणी सांडलं, आणि जिथं ते थांबलं होतं ती जागा उघडी पडली. सिल्लीच्या मधोमध खळगा होता. डोळ्यांना दिसेल न दिसेल असा. पण तिनं अंगठा फिरवला तेव्हा अंगठा उतरला, मग चढला. असा खळगा काही टाचेनं पडत नाही. हा वर्षानुवर्षं वस्तऱ्यानं पडलेला. तिचा नवरा श्रावण एकटाच ज्या वर्षांत धार लावत होता आणि ती या दगडाला हात लावत नव्हती, त्या वर्षांचा. साऱ्या वर्षांचं मिळून एवढंसं पाणी मावतं, असं तिच्या मनात आलं.

"दगड बी झिजते, बाई," सासरे म्हणायचे. कवडूजी त्यांचं नाव. सानगडी गावातल्या घरामागे त्यांनी एक चौकोनी शहाबादी फरशी रोवून ठेवली होती, तिच्यासमोर ते उकिडवे बसत. "वस्तरा मधातच फिरते, म्हणून मधातच खड्डा पडते. आपल्याले दिसत नाही. पाण्याले दिसते." ती तेव्हा सतरा वर्षांची, नवी नवरी. खरं तर झिजलेली सिल्ली पुन्हा सपाट करायचं हे काम त्यांना मुलाला शिकवायचं होतं. पण श्रावणला दगडाजवळ बसवत नसे. त्याला माणसं हवी असत, गप्पा हव्या असत, हातात कोणाचा तरी गाल हवा असे. मग एक दिवस सासऱ्यांनी फडक्यातून चाळलेली रेती तिच्यासमोर ठेवली. रेती, पाणी, फरशी आणि सिल्ली. आठाच्या आकड्यासारखी फिरवायची, जोर द्यायचा नाही, दर वीस फेऱ्यांनी दगडाची टोकं उलटी करायची, नाहीतर ज्या हाताचा जोर जास्त ती बाजू खाली जाते. सुरुवातीला रेती खरखर ओरडते. मग दळली जाते, लोण्यासारखी होते, आणि आवाज श्वासासारखा होतो. तो आवाज आला की ओळखायचं, आता दगड तुझं ऐकतो आहे. त्या आवाजात तिची पहिली तीन वर्षं गेली. तळ्यावरून बगळे उठायचे, धानाच्या बांध्यांवरून वारा यायचा, आणि माहेरची आठवण येऊन डोळे भरले तरी हात आठाचा आकडा काढत राहायचे.

आतल्या खोलीतून खाटेची करकर ऐकू आली. ती उठली. श्रावण भिंतीकडे तोंड करून पडला होता. मागच्या दिवाळीनंतर त्याचा उजवा हात, उजवा पाय आणि उजवा गाल एका सकाळी त्याला सोडून गेले होते, आणि त्यांच्याबरोबर बहुतेक सगळे शब्दही. ज्या माणसानं पन्नास वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या त्याची स्वतःची दाढी आता छातीला टेकत होती. तिच्यात वरणाचे पिवळे डाग सुकले होते. मुलगा देवानंद, ज्याचं भंडाऱ्यात बसस्टँडजवळ आरशांचं, एसीचं सलून होतं, दोनदा मशीन घेऊन आला होता. दोन्ही वेळा श्रावणनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरून ठेवलं. मशीन हवेतच घुरघुरत राहिलं. ब्लेडचा वस्तरा आणला तर तोंड घट्ट मिटून त्यानं मान अशी काही वळवली की देवानंद घाबरला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू आहेत, जरा कापलं तरी लवकर थांबायचं नाही. आणि काल देवानंद चिडून म्हणाला होता, "माय, असं नाही चालत. वास येऊन राहिला दाढीचा. परवा दुकानाले सुट्टी आहे. मी अन् शेजारचा धनीराम, दोघं मिळून धरतो बाबाले. पाच मिनिटाचं काम आहे."

धरतो. तो शब्द रंभाबाईच्या कानात रात्रभर खरखरत राहिला होता, पहिल्या रेतीसारखा. आता ती श्रावणच्या पाठीकडे पाहत उभी राहिली, पदरात दगडाचं वजन होतं, आणि आपण काय करणार आहोत हे तिला कळायच्या आधी तिच्या हातांना कळलं.

शेजारी घर बांधणं चालू होतं. तिथल्या ढिगातून तिनं ओंजळभर रेती आणली आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यातून दोनदा चाळली. फरशी कुठून आणायची? अंगणातली टाइल वाकडी होती, पाट्याला टाकी लावलेली. शेवटी तिला देवानंदच्या सलूनमधला, कोपरा फुटला म्हणून जिन्याखाली ठेवलेला जाड आरसा आठवला. काचेइतकं सपाट काय असतं? रितानं तो उचलायला हात दिला. काय चाललं आहे हे तिला समजत नव्हतं, पण न्हाणीतल्या त्या प्रश्नापासून ती सासूच्या मागेमागे होती. पेन्सिल मागितली तर तिनं पेन्सिल आणून दिली. रंभाबाईनं सिल्लीच्या अंगावर उभ्याआडव्या रेघा मारल्या, साबणाचा थर गरम पाण्यानं तीनदा धुऊन काढल्यावर. आरसा ओट्यावर आडवा ठेवला. त्यात आभाळ होतं, धुण्याची तार होती, आणि वाकलेला तिचा चेहरा होता. तिनं रेती टाकली, पाणी शिंपलं आणि दगड उलटा ठेवला.

खरखर झाली. दातांत कळ गेली. तिचे हात विसरले असतील अशी तिला भीती होती, पण हात काही विसरत नाहीत. खांदे तेवढे दुखतात. पहिल्या वीस फेऱ्यांनंतर तिनं सिल्ली उलटी करून पाहिली. चारी कडांच्या रेघा पुसल्या होत्या. मधल्या रेघा जशाच्या तशा होत्या.

"मधातलं काहून नाही पुसलं?" रितानं विचारलं.

"मधातलं खाली आहे. आजूबाजूचं सगळं त्याच्याबरोबरीनं खाली येत नाही तोवर ते नाही पुसत."

"म्हणजे चांगलं आहे ते बी झिजवा लागते?"

"झिजवाच लागते."

रितानं पाण्याची वाटी हातात घेतली आणि ती थेंब थेंब सोडू लागली. उन्हं तारेवरच्या कपड्यांमधून खाली गळत होती. फेऱ्या मोजता मोजता रंभाबाईची मोजणी सुटली, आणि आरशातलं आभाळ हळूहळू धुकट होत गेलं. रेतीनं काच खरवडली जात होती. आधी तार गेली. मग तिचा कपाळाचा भाग, मग डोळे. तिला वाटलं आपण धुक्यातल्या तळ्यावर वाकलो आहोत आणि आपलीच सावली खाली बुडत चालली आहे. बुडता बुडता ती सावली पिवळी होत होती. हळदीसारखी पिवळी.

हळद. सानगडीचे धानाचे व्यापारी श्यामराव, त्यांच्या लिलाधरची हळद. तेव्हा ती बत्तिशीची होती, आणि श्रावणचा हात हा सात गावांत बोलण्याचा विषय होता. लोक म्हणत, श्रावणनं दाढी केली तर माणसाला झोप लागते. आठवडाभर ती त्या लग्नासाठी सिल्ल्या सारख्या करत होती. बारीक सिल्ली तर तिनं अशी काही केली होती की वर ठेवलेलं पाणी एका पातळ कागदासारखं पसरून राही. अन् हळदीच्या दिवशी, मांडवात, बायकांच्या बाजूला पडद्यामागे नवरीच्या चुड्याचं ताट धरून ती उभी होती, तेव्हा पलीकडून कोणीतरी म्हणालं, "श्रावण, तुह्या वस्तऱ्याची धार काही औरच बाप्पा!" आणि श्रावणचा हसरा आवाज आला, "धार काय, धार त घरची बाई बी लावते. हात लागते, हात!" सगळे हसले. तिच्या आजूबाजूच्या बायकाही हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. तो तसाच बोलायचा. पण तिनं ताट खाली ठेवलं तेव्हा त्यातले चुडे जोरात किणकिणले.

दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, श्रावणनं नवरदेवाच्या दाढीसाठी वस्तरा मागितला. तिनं तो मधल्या सिल्लीवर घेतला होता. मधल्या सिल्लीनं धार येते, पण धारेच्या टोकाला दिसणार नाही असा लोखंडाचा एक तंतू राहतो; तो बारीक सिल्लीवर जातो. बारीक सिल्ली समोर होती. ओली करून ठेवलेली होती. ती त्या पाण्याकडे पाहत बसली. मग वस्तरा मिटला, फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या धोकटीत ठेवला. हात लागते ना, हात. तिनं मनात तरी म्हटलं होतं का ते? इतक्या वर्षांत तिनं त्या क्षणाला इतक्यांदा हात लावला होता की तो क्षणही मधोमध झिजला होता. आपण मुद्दाम केलं की नुसतं केलं नाही, हे त्यात आता दिसत नव्हतं.

लिलाधरच्या हनुवटीखाली एवढंसं कापलं. धानाच्या दाण्याएवढं. पण नवरदेवाच्या हळदीवर रक्त उतरलं आणि थांबेना. तुरटी लावली, कापूस लावला. एक म्हातारी म्हणाली, अवलक्षण. दुसरीनं तोंडावर पदर घेतला. लिलाधरचा संसार पुढे छान झाला, तीन मुलं झाली, आजही तो ठणठणीत आहे. पण त्या दिवशी ते कोणाला माहीत होतं? श्रावण दुपारी घरी आला आणि ओसरीवर उजवा तळहात उघडून बसला. "हात गेला माहा," एवढंच म्हणाला. तिनं पाणी दिलं. आत जाऊन ती चुलीशी बसली आणि विझलेला विस्तव फुंकत राहिली. पुढच्या लग्नांना सानगडीत दुसरा न्हावी बोलावू लागले. श्रावणचा हात त्यानंतर खरंच थरथरू लागला, कारण गाल धरला की तो आधी हाताकडे पाही. दोन वर्षांत ते भंडाऱ्याला आले. इथं कोणाला काही माहीत नव्हतं. इथं तो स्वतःच धार लावायचा. तिनं "मले आता जमत नाही" म्हणून अंग काढून घेतलं होतं. मग ब्लेडं आली, आणि सिल्ली पलंगाखाली गेली.

"आई," रिता म्हणाली, "आवाज बदलला."

खरंच बदलला होता. रेती दळून राखाडी लोणी झालं होतं आणि दगड श्वास घेत होता. तिनं सिल्ली धुतली. एकही रेघ नव्हती. कडा बोटाला लागू नयेत, वस्तरा अडू नये म्हणून तिनं त्या हलकेच गोल केल्या. मग आरसा धुतला, हात धुतले, नखांखालची रेती काडीनं काढली, आणि पुन्हा सिल्ली धुतली. रेतीचा एक कण राहिला तरी धारेला दात पडतो. शेवटी तिनं वर पाणी सोडलं. पाणी कुठंही थांबलं नाही. ते कडेपर्यंत गेलं आणि तिथं, सगळीकडे सारखं, पातळसं राहिलं. रिताच्या तोंडून "अगं बाई" निघालं. सिल्ली उन्हात वाळवायची नसते, तडा जातो. तिनं ती सावलीत, फडक्यावर ठेवली.

संध्याकाळपर्यंत वस्तरा तयार झाला. पेटीतून काढला तेव्हा शिंगाच्या मुठीवर पांढरी बुरशी होती, पण पातं तेल लावून ठेवलेलं होतं. श्रावणनंच कधीतरी ठेवलेलं. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे, मग पाठीवर उलटवून, धार पुढे. मधली सिल्ली, मग ही. ही मात्र तिनं सोडली नाही. दिवेलागण झाली तरी तिच्यावरच बसून राहिली. पातं दगडाला असं चिकटू लागलं की सोडताना ओठ सुटल्यासारखा आवाज येई. मग चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास वेळा. पिकलेला एक केस तिनं डोक्यातून उपटून पात्यावर सोडला. केस पडला, दोन झाला.

सकाळी देवानंद झोपलेला होता. रितानं न सांगता पाणी गरम केलं, वाटीत साबण फेसला, ब्रश ठेवला आणि दार ओढून घेतलं. रंभाबाईनं श्रावणच्या पाठीशी दोन उशा लावल्या. वस्तरा पाहून तो हलला नाही. नुसतं पाहत राहिला, मुठीकडे, पात्याकडे, मग तिच्याकडे. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिनं शेकडो वस्तरे पाजळले होते, पण कोणाच्या गालाला एकदाही लावला नव्हता. ते काम बाईचं नव्हे.

"मी करते," ती म्हणाली. "धरू कोणी देणार नाही तुम्हाले. चालते?"

त्यानं मान वळवली नाही.

कात्रीनं वाढलेलं उतरवलं, फेस लावला. तिनं उजव्या गालापासून सुरुवात केली. त्या गालाला काही कळत नव्हतं. चूक झाली तर निदान दुखणार तरी नाही. डाव्या हातानं कातडी ताणली. किती सैल, किती मऊ झाली होती ती! पातं टेकवलं आणि खाली ओढलं. आवाज जवळजवळ नव्हताच. धानाच्या कोंड्यावरून फुंकर जावी तसं काही. फेसातून एक स्वच्छ पट्टा उघडा पडला, आणि त्या पट्ट्यात तिला पंचवीस वर्षांचा श्रावण दिसला. तिनं पातं पुसलं. पुन्हा. कानाजवळून, जबड्यावरून, हनुवटीच्या बाजूनं. रक्त नव्हतं. कुठंच नव्हतं. सगळा उजवा गाल झाला तेव्हा ती खाटेच्या कडेवर बसली.

"अजी," ती म्हणाली. वस्तरा मांडीवर उघडाच होता. "लिलाधरच्या लग्नाच्या दिवशी मी वस्तरा या सिल्लीवर घेतलाच नव्हता. मधल्यावरूनच तसाच बांधून देला. तुमचा हात नव्हता गेला. मी... तुमी मांडवात बोलले होते ना, म्हणून. तेवढ्यासाठी."

खिडकीबाहेर नगरपालिकेच्या घंटागाडीचं गाणं आलं आणि गल्लीच्या टोकाला विरलं. श्रावण छताकडे पाहत होता. अर्धा चेहरा फेसाखाली होता, अर्धा उघडा आणि निश्चल. त्या उघड्या अर्ध्यावरून काही वाचता येत नाही हे तिला माहीत होतं, तरी ती त्याच्याकडेच पाहत राहिली. मग त्याचा घसा हलला.

"मा..." तो थांबला. डोळे मिटून त्यानं शब्द कुठून तरी ओढून आणला. "माईत."

"काय माहीत? कधीपासून?"

त्यानं डावा हात उचलला. अंगठ्याचं नख तर्जनीवर आडवं फिरवलं, धार तपासतात तसं. एकदा. आणि हात खाली ठेवला.

म्हणजे त्या सकाळीच. गालाला लावायच्या आधी. रंभाबाईच्या कानात काहीतरी गरम भरलं. "मंग लावला काहून? अन् मंग बोलले काहून नाही?" तिचा आवाज चढला, इतक्या वर्षांचा सगळा चढला. "मी जळून राहिली होती अजी एवढी वर्षं! तुमी हात उघडून ओसरीवर बसले, मी तिथंच मेली! एक शब्द टाकते माणूस!"

तो शब्द शोधत होता. ओठांची डावी कड हलली, पुन्हा हलली. लाळेचा एक बुडबुडा आला आणि फुटला. काहीतरी सांगायचं होतं त्याला. कदाचित मांडवातल्या त्या हसण्याबद्दल, कदाचित सगळी माणसं वाट पाहत होती आणि घरच्या बाईनं दिलेली धार चारचौघांत परत कशी करायची याबद्दल. तिला कळलं की हे आता कधीच सांगितलं जाणार नाही. ते त्याच्यापाशी राहील, जसं तिचं तिच्यापाशी होतं. राग आला तसा ओसरत गेला, आणि खाली ओली, सपाट अशी काहीतरी जागा राहिली. तिनं पदरानं त्याच्या ओठांची कड पुसली.

तेव्हा श्रावणनं मान वळवली. सावकाश, उशीवर डोकं घासत, स्वतःच्या बळानं. डावा गाल, ज्याला सगळं कळत होतं, तो त्यानं तिच्यापुढे आणला आणि हनुवटी किंचित वर केली, गळा ताणला जाईल अशी. गिऱ्हाइकांना तो सांगायचा तशी.

तिनं फेस पुन्हा ओला केला. पट्ट्यावर वस्तरा दहा वेळा फिरवला. दार किलकिलं झालं. देवानंद, झोपेनं सुजलेला, हातात मशीन धरून उभा होता. त्यानं आधी आईच्या हाताकडे पाहिलं, मग बापाच्या ताणलेल्या गळ्याकडे, आणि मशीनची वायर मुठीत गुंडाळत तो तिथंच उंबऱ्यावर बसला.

पातं कानाखाली टेकलं. श्रावणची कातडी एकदा शहारली आणि स्थिर झाली. रंभाबाईनं पहिला हात खाली आणला, थांबली.

"वस्तरा ओढते का?" तिनं विचारलं.

"नाई," तो म्हणाला.